मागून येणारा आवाज

रस्त्यात मागून हाक मारली तर ती वळायची नाही. थांबायची. हाक मारणाऱ्यानं चालत पुढं यावं, अशी वाट बघायची.

चहाच्या दुकानात दाराकडे पाठ करून बसायची. इतर माणसं दार दिसेल अशी खुर्ची शोधतात.

उजवा हात कोपरात वाकलेला, कायम छातीच्या वर. हातात छत्री असो, पळी असो, वर्तमानपत्राची गुंडाळी असो. वहिनी म्हणायची, "वन्सं, भाजी ढवळताय की तिला स्मॅश मारताय?"

काहीही संपलं की "आउट" म्हणायची. दूध आउट, वीज आउट, मेणबत्ती आउट. शेजारणीची सोयरीक मोडली तेव्हाही तोंडातून तेच निघालं. मग जीभ चावली.

नव्या डब्यातलं शटल काढलं की त्याच्या बदकाच्या पिसांवरून अंगठा फिरवायची आणि कानाशी धरायची. काय ऐकतेस, विचारलं की म्हणायची, "बदक काय म्हणतंय ते."

धक्का कुणाचाही असो, सॉरी आधी ती म्हणायची. एकदा दाराला म्हणाली.

हे मी भूतकाळात सांगतेय, पण ती आहे. दोन गल्ल्या पलीकडे राहते. परवा मी तिला रस्त्यात पाहिलं आणि सवयीनं मागून हाक मारली. ती चटकन वळली. थांबले मी.

सगळे तिला पुढची म्हणतात. मी ताई म्हणते. शहरातल्या बॅडमिंटन हॉलच्या जिन्याखाली तिचं दुकान होतं. रॅकेटची जाळी विणून द्यायची. त्या तारेला गट आणि या कामाला सगळे गटिंग म्हणतात. मी त्याच हॉलच्या बुकिंगच्या खिडकीत बसते. साहित्यात एम. ए. केलं आणि कोर्टं वाटायला बसले. "एवढी पुस्तकं वाचलीस," वहिनी म्हणते, "आणि दिवसभर एकच वाक्य बोलतेस. रिकामं नाही, रिकामं नाही."

वहिनी म्हणजे ताईच्या थोरल्या भावाची बायको. ताईनं लग्न केलं नाही. ती त्या दोघांकडेच राहते, वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत. भाऊ वायरमन. स्वतःच्या घरात कमी आणि लोकांच्या भिंतींत जास्त असतो.

ताई एके काळी दुहेरीतली देशाची विजेती होती. एकदा नव्हे, चारदा. चारही वेळा जोडीदार एकच. मागची.

ही नावं त्यांच्या सरांनी पाडली. दोघी शाळेतल्या पोरी होत्या. एक बुटकी, चपळ, हाताची फार हलकी. दुसरी ताडमाड, खांद्यात जोर. कोर्टावर दोघी एकाच शटलवर धावायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. सरांनी दोघींना दंडाला धरलं. "तू पुढं. तू मागं. आता डोकी फोडायची नाहीत." नावं चिकटली. पुढं वर्तमानपत्रात खरी नावं छापून येऊ लागली, तेव्हा हॉलमधल्या लोकांनी विचारलं, या कोण बायका?

पुढं खेळणाऱ्या मुलींना एक खोड असते. शटल डोक्यावरून मागं गेलं की त्या मान वळवतात. जोडीदारानं काय केलं, बघायला. तेवढ्यात शटल परत आलेलं असतं, नाकावर. ताईलाही ती खोड होती. सरांनी टॉवेलची घट्ट गुंडाळी केली आणि तिच्या गळ्याभोवती बांधली. मान वळेना. पोरी हसून लोळल्या. तशी ती कितीतरी महिने खेळली. टॉवेल सुटला तोवर मान वळायचं विसरून गेली होती.

"मग मागं काय चाललंय ते तुला कळायचं कसं?" मी विचारलं होतं.

"ती सांगायची ना."

मागचीचे तीन शब्द होते. माझं. तुझं. सोड. सोड म्हणजे शटल बाहेर जातंय, हात लावू नकोस. ताई म्हणायची, "मी माझे दोन डोळे तिच्याकडे ठेवायला दिले होते. मागितले की द्यायची."

दुहेरी खेळणारे एक गोष्ट पाळतात. कोर्टावर कुणी काय हाक दिली ते बाहेर सांगायचं नाही. हाक चुकली तरी नाही. सरांना नाही, घरी नाही, वर्तमानपत्रवाल्याला तर नाहीच. हाक एकीनं दिली आणि दुसरीनं ऐकली की ती दोघींची. ताई हे फार साधेपणानं सांगायची, घराला कुलूप लावतात तसं.

मी हॉलमध्ये नोकरीला लागले तेव्हा मला तिचे चार विजय ठाऊक नव्हते. एक पराभव ठाऊक होता. सगळ्यांनाच होता.

तो निवडीचा सामना होता. जिंकणारी जोडी परदेशात मोठ्या स्पर्धेला जाणार. तिसरा गेम, बरोबरी, शेवटचे काही गुण. दुहेरीत सर्व्हिस जिच्याकडे येते तिनंच ती घ्यायची असते. जोडीदारानं मध्ये रॅकेट घातली तर गुण गेला. समोरच्या पोरीनं उंच सर्व्हिस केली, ताईच्या डोक्यावरून मागं. ताईनं रॅकेट हलवलीच नाही. शटल रेषेच्या आत पडलं. पुढचा गुण मागचीनं नेटमध्ये घालवला. मग पुन्हा ताईची पाळी, पुन्हा तीच उंच सर्व्हिस. ताई पुन्हा तशीच उभी. शटल पुन्हा आत. सामना संपला.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, ऐन वेळी पाय गोठले. हॉलमधल्या लोकांनी त्याहून सोपं नाव शोधलं. पुतळा.

सरांनी मैदानाबाहेर विचारलं, काय झालं? ताई म्हणाली, माझा अंदाज चुकला. मागची शेजारी उभी होती, तोंड पुसत.

निवड समितीनं जोडी मोडली. मागचीला नवी पुढची मिळाली, वयानं लहान. त्या दोघी पुढं खूप जिंकल्या, परदेशातही. ताईला काही दिवस कुणीतरी जोडीला घेत राहिलं, मग तेही थांबलं. ती जिन्याखाली आली. इतकी वर्षं मागचीच्या रॅकेटी तिच्याकडेच यायच्या. कुठून कुठून पाठवायची. निरोप एकच, तुझ्या हाताशिवाय मला जमत नाही. ताई त्या रॅकेटी सगळ्यांच्या आधी घ्यायची. मागची जिंकली की ताई जिन्याखाली पेढे नव्हे, पण निदान गोळ्या तरी वाटायची. "गट माझा होता," म्हणायची.

एकच गोष्ट तिला खुपायची. आईबाप पोरांच्या रॅकेटी तिच्याकडे द्यायचे, पोरं नाही. "शिकवाल का?" असं कुणी विचारलं नाही. एकदा तिनंच विचारलं. एक बाप म्हणाला, "तुम्ही गटिंग फार छान करता." ताईनं ते मला सांगितलं आणि हसली. मग म्हणाली, "नेटजवळ मनगट कसं ठेवायचं, हे मला येतं गं. माझ्याबरोबर ते असंच आउट होणार."

गेल्या वर्षी हॉलची जमीन बदलायचं ठरलं. नवं लाकूड, नवे दिवे. उद्घाटनाला मागची येणार होती. ती आता मोठी बाई आहे. स्वतःची अकादमी आहे, टीव्हीवर बोलावतात. आधी एकदा जागा बघायला आली आणि वाकून जिन्याखाली शिरली.

"अगं पुढचे, अजून याच बिळात?"

"तू मोठी झालीस, त्यात बिळाचा काय दोष? डोकं सांभाळ."

डोकं आपटलंच. "सॉरी," ताई म्हणाली.

मागची स्टुलावर बसली. डोकं चोळत म्हणाली, "माझ्याकडे पुढं खेळणाऱ्या चांगल्या पोरी आहेत. सगळ्या माना वळवतात. तू ये."

"कुठं?"

"अकादमीत. शिकवायला."

ताईच्या हातातला चिमटा खाली पडला. "मी? कोर्टावर?"

"मग काय जिन्यावर? हे बघ, उद्घाटनाला आपण दोघी एक सामना खेळू. हॉलमधल्या दोन पोरी समोर घेऊ. जुनी जोडी, लोकांना मजा. आणि तिथंच माईकवर मी जाहीर करते."

"लोक हसतील."

"हसू देत. माझ्या अकादमीत काय करायचं ते मी ठरवते."

ती गेल्यावर ताईनं पडलेला चिमटा उचलला. मग मला म्हणाली, "एक शिट्टी घ्यावी लागेल, नाही?"

त्या दिवसापासून ती गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायला लागली. वहिनी खालून ओरडायची, "वन्सं, छत येईल खाली! तुमच्या भावाला वायरिंग येतं, सिमेंट नाही येत!" पण पाण्याचा तांब्या घेऊन वर तीच जायची. रात्रीचं जेवण लवकर करायची, कारण खेळाडूनं लवकर जेवावं असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. भावानं दुकानात नवा दिवा लावून दिला. जाणाऱ्या माणसाच्या दुकानात नवा दिवा कशाला, असं वहिनी म्हणाली. "शेवटचे दिवस तरी नीट दिसू दे," भाऊ म्हणाला.

उद्घाटनात जुन्या सामन्यांचे तुकडे भिंतीवर दाखवायचे होते. हॉलच्या सेक्रेटरीनं ते निवडायचं काम माझ्याकडे दिलं. कुणीतरी जुन्या टेपा संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. हॉल बंद होता. जमिनीवर पॉलिश वाळत होतं, वासानं डोकं दुखत होतं. दुपारी मी ताईला खिडकीच्या आत बोलावलं. म्हटलं, तूच निवड.

ती खुशीत होती. स्वतःला पडद्यावर बघून म्हणाली, "अगं बाई, डोक्यावर केस आहेत की घरटं?" प्रत्येक गुण तिला तोंडपाठ होता. आता ती तिरका मारेल. आता मी नेटवर टेकवेन. बघ, बघ, ही बघ पडली. मी तिला इतकं बडबडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग पुढची टेप उघडली. तो सामना. मी बंद करायला गेले.

"राहू दे," ती म्हणाली. "मी कधी बघितलाच नाही."

कॅमेरा समोरच्या टोकाला, उंचावर होता. दोघींचे चेहरे आमच्याकडे. पुढं ताई, वाकलेली, रॅकेट वर. तिच्या मागं दोन पावलांवर मागची. आवाज नव्हता, नुसतं चित्र. समोरच्या पोरीनं उंच सर्व्हिस केली. ताई उभी राहिली. शटल आत पडलं. मला हे ठाऊकच होतं.

"परत लाव."

लावलं.

"माझ्याकडे नको बघू. तिच्याकडे बघ."

मी मागचीकडे बघितलं. तिचे ओठ हलले.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"सोड."

ताई ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती. मला कळायला वेळ लागला. इतकी वर्षं जी पुतळा म्हणून ओळखली गेली, ती सांगितल्यावरून थांबली होती. सर्व्हिसची मागची रेषा तिच्या पाठीमागं होती. ती रेषा बघायचं काम दुसरीचं होतं. दुसरीनं सांगितलं, बाहेर जातंय.

"म्हणजे चूक तिची होती?"

"असंच समजत होते. अंदाज चुकतो माणसाचा. परत लाव. आणि थांबव म्हटलं की थांबव."

मी लावलं.

"थांबव."

चित्र थांबलं.

"शटल कुठं आहे?"

"वर."

"खाली येतंय की वर जातंय?"

मी एक चित्र पुढं सरकवलं. शटल अजून वर गेलं. "वर जातंय."

"आणि तिचं तोंड?"

तोंड उघडलं होतं. आणि डोळे शटलवर नव्हते. रेषेवरही नव्हते. ती ताईच्या पाठीकडे बघत होती.

"वर जाणारं शटल कुठं पडेल ते कुणालाच कळत नाही," ताई म्हणाली. "शटल वळतं, मग कळतं. तिला तर माझ्याहून चांगलं कळतं."

दुसरी सर्व्हिसही तशीच. शटल रॅकेटवरून निघालं न निघालं तोच ओठ हलले होते. चित्राच्या कोपऱ्यात सर खुर्चीवर बसले होते. शटल हवेत असताना ते खाली वाकले आणि पाण्याची बाटली बॅगेत घालून त्यांनी चेन ओढली. मग शटल पडलं.

ताईनं स्वतःच हात पुढं करून पडदा बंद केला. सर गेले त्याला काही वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांना घास भरवायला ताई जायची. त्यांची मुलं परगावी होती. मागचीला वेळ नव्हता.

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो हळूच काढून घेतला. म्हणाली, "पॉलिशचा वास फार आहे. बाहेर जाऊ."

दुसऱ्या दिवशीही ती जिन्याखाली आली. दुकान उघडायची, रॅकेटी विणायची. गच्चीवरच्या उड्या थांबल्या. वहिनीनं मला जिन्यात गाठलं. "काय झालं गं? छत वाचलं, पण बाई बिघडली. परवा मी डाळीत मीठ घातलं नाही तरी काही बोलली नाही. माझी नणंद आहे ती, मिठावरून बोलणं तिचा हक्क आहे."

मी वहिनीला काही सांगितलं नाही. ताईला मात्र म्हटलं, खेळू नकोस. काहीतरी कारण सांग. पाय मुरगळला म्हण.

"खेळायचं," ती म्हणाली. "मला ती हाक एकदा ऐकायचीय."

"ऐकून काय करणार?"

"ते ऐकल्यावर कळेल."

"आणि नोकरी?"

तिनं पुढची रॅकेट विणायला घेतली.

उद्घाटनाला हॉल भरला. नव्या लाकडावर बुटांचा नवा आवाज येत होता. जुनी जोडी कोर्टावर आली तेव्हा टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलंच, "आज पुतळा हलणार!" वहिनी पहिल्या रांगेत होती. ती पूर्ण वळून बसली आणि ओरडणाऱ्याकडे बघत राहिली. 

सामना गमतीचाच होता. पण ताई छान खेळली. केस पिकलेले, गुडघ्याला पट्टा, आणि हात तोच. शटल नेटवर असं टेकवायची की समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. मागून आवाज येत होता. माझं. तुझं. माझं. आणि ताई ऐकत होती. शटल डोक्यावरून गेलं तरी मान सरळ. तिच्या अंगाला अजून काही कळलेलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, विसरली ती. सगळं विसरली आणि उद्यापासून शिट्टी घेऊन कोर्टावर उभी राहणार. मला ते हवं होतं, हे मी कबूल करते.

मग समोरच्या पोरीनं उंच सर्व्हिस केली.

"सोड!"

ताई वळली. मान नाही, सगळीच्या सगळी वळली. नेटकडे पाठ, तोंड मागचीकडे. रॅकेट खाली.

शटल रेषेच्या बाहेर पडलं. चांगलं वीतभर बाहेर. रेषेवरच्या माणसानं दोन्ही हात पसरले. गुण जुन्या जोडीला मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाक खरी होती.

मागचीनं शटल कुठं पडलं ते बघितलं नाही. ती ताईकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. दोघी तशा समोरासमोर उभ्या होत्या आणि लोकांना वाटलं, जुन्या मैत्रिणी भावुक झाल्या. कुणीतरी फोटोही काढला.

त्यानंतर मागचीचा एकही फटका नीट बसला नाही. थोड्या वेळानं तिच्या रॅकेटचा गट तुटला आणि सामना तिथंच थांबवला. सूत्रसंचालक माईक घेऊन धावत आला. "आता मॅडम एक मोठी घोषणा करणार आहेत!"

मागचीनं माईक घेतला. ताई तिच्या शेजारी उभी होती, सरळ पुढं बघत.

"जमीन छान झालीय," मागची म्हणाली. "धन्यवाद."

संध्याकाळी ती जिन्याखाली आली. मी तिथंच होते, ताईच्या गुडघ्यावर बर्फ धरून. मागचीनं माझ्याकडे बघितलं. "तू जरा बाहेर जातेस?"

"राहू दे तिला," ताई म्हणाली. "बोल तू."

मागची उभीच राहिली, मान वाकवून. छत बुटकं होतं. "तू वळलीस."

"हो."

"कधी कळलं?"

"टेप बघितली."

मागचीनं हातातली रॅकेट या हातातून त्या हातात घेतली. "सर म्हणाले होते, अशाच जाल तर पहिल्या फेरीत घरी याल. आणि त्यांचं चूक नव्हतं गं. तुझा पाय जड झाला होता. तुला कळत नव्हतं, मला मागून दिसत होतं."

"मग सांगायचं."

"जिंकणारी जोडी कोण मोडणार? समितीला कारण लागतं. आणि तू ऐकलं असतंस?"

"तुझं?" ताई म्हणाली. "तुझं तर मी ऐकलंच."

 वरून जिन्यावरून पोरं धडाधडा उतरत गेली. 

"दोनदा कशाला?" ताईनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होती. "एकदा पुरलं नसतं?"

"माहीत नाही."

"पहिल्यांदा आत पडलं, तेव्हा मला तुझी दया आली. म्हटलं, हिला किती वाईट वाटलं असेल. दुसऱ्यांदा तू ओरडलीस तेव्हा वाटलं, आता तरी घ्यावं. हात उठला होता माझा. मी तो मुद्दाम खाली ठेवला. तुला वाटू नये की माझा तुझ्यावर भरवसा राहिला नाही."

मागची रडायला लागली. मोठी बाई, टीव्हीवरची, जिन्याखाली वाकून रडत होती. "तू बाहेर एक शब्द बोलली नाहीस. मला ठाऊक होतं, तू बोलणार नाहीस."

"हो. तेवढं तुला पक्कं ठाऊक होतं."

"म्हणून तर बोलावतेय तुला. इतकी वर्षं मनात होतं. ये ना. पोरी तू म्हणशील तशा तुझ्या हाताखाली देते. कुणी विचारणार नाही. सोमवारपासून ये."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग हात पुढं केला. "रॅकेट दे. तुटलीय."

मागचीला ते उत्तर वाटलं. तिनं डोळे पुसले, रॅकेट दिली, ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे येतेस."

"उद्या कुणाला तरी पाठव," ताई म्हणाली. "घेऊन जाईल."

ती गेली. ताईनं तुटलेली जाळी कापून काढली, रॅकेट मशीनवर आवळली आणि नवा गट ओवायला घेतला. आधी उभे गट ओढतात, मधून कडेकडे. मग आडवे, एक वरून एक खालून. मी बर्फाचं पाणी फेकून आले तेव्हा तिचे उभे ओढून झाले होते. ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

"दमलीस?"

"नाही."

थोड्या वेळानं ती उठली. दिवा बंद केला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, उद्या सकाळी येईल.

ती आली नाही. सोमवारी अकादमीतही गेली नाही. वहिनी सांगते, घरात असते, फार काही करत नाही, कपडे वाळत घालताना दोन्ही हात खाली सोडून उभी राहते. मी जाते. चहा होतो. बदकावरचा विनोद मी करून बघितला. ती हसली, माझं मन राखायला.

अकादमीतून माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा मी शटर उघडून त्याला आत नेलं. त्यानं रॅकेटला हात लावला आणि काढून घेतला. नुसते उभे गट ताणलेले असले की फ्रेमवर एकाच बाजूनं ओढ येते. फार दिवस तशी ठेवली तर फ्रेम वाकडी होते आणि मग ती रॅकेट कामाची राहत नाही. त्यालाही ते ठाऊक होतं. "बाईंना सांगा ना," तो म्हणाला, "निदान सैल तरी करा."

मी त्या दिवशी ताईला सांगितलं. ती गच्चीत बसली होती.

"आडवे राहिलेत ना?" ती म्हणाली.

"हो. किल्ली आणलीय मी."

तिनं किल्ली घेतली नाही. रॅकेट अजून मशीनवरच आहे. उभे गट ताणलेले, आडवा एकही नाही, आणि उरलेल्या गटाचं टोक खाली फरशीपर्यंत लोंबतंय.